नारळ आणि हप्ता

नारळी पौर्णिमा म्हटली की आम्हा घाटावरच्या माणसांना नारळीभात आठवतो. फार तर सजवलेल्या होड्यांचे आणि सोनेरी कागदात गुंडाळलेल्या नारळाचे छायाचित्र. द्विजांना समुद्रयात्रा कलिवर्ज्य ठरवणाऱ्या धर्मशास्त्राच्या छायेत वाढलेल्या घरांचे समुद्राशी नाते असून असून किती असणार!

बँकेच्या नोकरीत कोकण किनाऱ्यावरच्या एका शाखेत माझी बदली झाली, तेव्हा हा कोरडेपणा मी सोबत नेला होता. होड्यांच्या कर्जाचे हप्ते थकलेले दिसताच ऐन आषाढात नोटिसा धाडल्या. एक वृद्ध तांडेल नोटीस घेऊन आला. म्हणाला, "साहेब, दर्या बंद आहे. नारळ दिल्याआधी त्याच्याकडे मागायचं कसं?" मी मुदत दिली नाही. माझ्या तक्त्यात बाराही महिने सारखे होते. त्याने हप्ता भरला. घरातल्या पाटल्या मोडून भरला, हे मला पुढे शाखेच्या शिपायाने सांगितले.

नारळ म्हणजे दर्याला दिलेली भाबडी लाच, अशी तेव्हा माझी समजूत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि त्याच दिवसांत पुष्कळशा माशांची वीण होते, हे उशिरा कळले. जो पोसतो त्याच्याकडे काही काळ काहीच मागायचे नाही, हा त्या प्रथेचा गाभा. नारळ ही त्या संयमाची सांगता.

आज सरकारी मासेमारीबंदीही आहे: १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. पण कायदा तारखेने चालतो, प्रथा तिथीने. २०२३ साली अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. बंदी उठून तोवर महिना होत आला होता. शेजारची होडी समुद्रात गेलेली दिसत असताना डोक्यावर हप्ता असलेल्या माणसाने तिथीसाठी किती थांबावे?

पीककर्जाची परतफेड आपण सुगीला जोडतो. होडीचे कर्जही दर्याच्या पंचांगाला जोडायला हवे. तसे केले नाही, तर संयमाचा भार एकट्या कोळ्यावर पडतो आणि आपल्या वाट्याला फक्त नारळीभात येतो.

तो नारळीभात दरवर्षी पानात पडतो, तेव्हा मला त्या पाटल्या आठवतात.