सावलीतलं गवत

आमच्या मागीलदारी फणसाखाली कायम ओल. लेकाने दोन वर्षांपूर्वी तिथे विकतचं लॉन लावलं. सावलीत ते पिवळं पडलं आणि पहिल्याच पावसाळ्यात कुजलं. आता तो म्हणतो, "बाबा, सरळ फरशी घालू." माझा विरोध आहे.

लॉनला ऊन हवं. दूर्वासुद्धा सावलीत विरळ होतात, हे गणपतीत जुड्या बांधणाऱ्यांना सांगायला नको. पण त्याच फणसाखाली न लावता एक गवत आलंय. पानं बांबूसारखी पण इवलीशी, कडा लाटेसारख्या. शास्त्रीय नाव ऑप्लिस्मेनस. आपल्या रानातल्या सावलीतलंच हे गवत. पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटून माती धरून ठेवतं. खोड एकच, त्याची कुसळं चिकट असतात, पायजम्याला बिलगतात. म्हणून दाणा धरण्याआधी तुरे खुडायचे, बस्स.

फरशी घातली तर फणसाच्या मुळांना पाणी कुठून मिळणार? हा फणस हिने लावलेला. ती जाऊन सहा वर्षं झाली. लेकाला हे बोलून दाखवणं जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय. तो वाचतो.

असो. तुमच्या परसात सावलीत काय उगवतं? उपटण्याआधी जरूर कळवा.