पहिल्या सत्राची तजवीज

नंदुरबार जिल्ह्यात विद्यार्थ्यांपुढे आदर्श ठेवावयाचा झाला की डॉ. राजेंद्र भारूड यांचे नाव हटकून घेतले जाते, आणि ते घेतले जावे हे योग्यच आहे. साक्री तालुक्यातील सामोडे गावी, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेले आणि मोहाची दारू विकून संसार रेटणाऱ्या मातेने वाढविलेले हे भिल्ल कुटुंबातील गृहस्थ मुंबईत वैद्यकीय पदवी मिळवून भारतीय प्रशासकीय सेवेत गेले आणि कोविडच्या बिकट काळात याच जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते. परंतु या चरित्राचा जो भाग सत्कारसभांतून बहुधा गाळला जातो, तोच मला सर्वाधिक मोलाचा वाटतो: मुंबईस जाण्यापूर्वी ते अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात निवासी विद्यार्थी होते; म्हणजे दोन वेळचे अन्न, निजावयास जागा आणि पुस्तके यांची सोय सरकारने आधीच करून ठेविली होती, आणि त्या निश्चिंतीत त्यांच्या बुद्धीला व मातेच्या कष्टांना फळ आले.

नंदुरबार तालुक्यातील धानोऱ्यासारख्या गावातून, घराण्यातील पहिलाच पदवीधर होण्याच्या उमेदीने जो आदिवासी मुलगा अथवा मुलगी महाविद्यालयात नाव घालते, तिच्या वाट्याला ही निश्चिंती नेमकी त्याच वर्षी येत नाही. वसतिगृहाचा अर्ज विचाराधीन असतो, जातवैधतेचे प्रकरण समितीच्या दप्तरी असते, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि तासिका मात्र कोणासाठी थांबत नाहीत. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, तिचा हेतूही स्तुत्य आहे. परंतु खोलीचे भाडे महिन्याच्या आरंभी द्यावे लागते आणि योजनेची रक्कम हप्त्यांनी खात्यावर पडते, या दोहोंमधील अंतर कोणी भरून काढावयाचे? दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, त्यांना उसनवारीसाठीही घरी कोणी उरत नाही. वसतिगृहात शिजवलेल्या जेवणाऐवजी त्याच्या पैशांचे थेट हस्तांतर करण्याच्या 2018 च्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले, तेव्हा पुष्कळांना तो हट्ट वाटला. मला त्यात भुकेचा साधा हिशेब दिसला, कारण शिजलेले अन्न उशिरा आलेल्या हप्त्याची वाट पाहत नाही.

त्यातच प्रकृतीचा प्रश्न. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार या भागातील आदिवासींत ठळकपणे आढळतो. थंडी, अतिश्रम किंवा पाण्याची कमतरता यांनी वेदनेचा झटका येतो आणि विद्यार्थी कित्येक दिवस अंथरुणास खिळतो. अशा विद्यार्थ्याची गैरहजेरी आळसाच्या खाती मांडणे हा माझ्या मते उघड अन्याय आहे.

म्हणून मागणी एवढीच की प्रवेशाच्या दिवशीच वसतिगृहाचा तात्पुरता हुकूम अथवा पहिला हप्ता विद्यार्थ्याच्या हाती पडावा, आणि कागदपत्रांची छाननी सत्र चालू असताना यथावकाश व्हावी. क्वचित एखादा अपात्र ठरला तर रक्कम वसूल करण्याचे मार्ग सरकारपाशी पुष्कळ आहेत. पोटासाठी पहिल्याच सत्रात गावी परतलेल्या मुलीला पुन्हा वर्गात आणण्याचा मार्ग मात्र कोणत्याही खात्यापाशी नाही. सिकलसेलग्रस्तांसाठी शासकीय रुग्णालयाचा दाखला उपस्थितीच्या नियमात ग्राह्य धरावा, आणि तो महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळीच मागून घ्यावा, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर त्यांना कोणापुढे हात जोडावे लागणार नाहीत.