सज्ञान मनुष्याचा धर्म

अठरा वर्षें पूर्ण झालेल्या मनुष्यास आमचा कायदा सज्ञान मानतो. तो मिळकत विकूं शकतो, करार करूं शकतो, मत देऊं शकतो. मग धर्म बदलतांच, व त्यांतून ती स्त्री असल्यास, तोच सज्ञान एकाएकीं अज्ञान कसा ठरतो?

केरळांतील वैद्यकीचें शिक्षण घेणाऱ्या एका हिंदु तरुणीनें इस्लामचा स्वीकार केला व पुढें एका मुसलमान तरुणाशीं विवाह केला. पित्यानें दाद मागितली. ता. २४ मे २०१७ रोजीं तेथील उच्च न्यायालयानें विवाह रद्द ठरवून तिला मातापित्यांच्या स्वाधीन केलें. चोवीस वर्षांची मुलगी दुर्बळ व सहज फसणारी असते, असा त्या निकालाचा सूर होता. सर्वोच्च न्यायालयानें तिला समक्ष बोलावून तिचें म्हणणें ऐकलें आणि ता. ८ मार्च २०१८ रोजीं तो निकाल फिरविला. हेंच आधीं झालें असतें, तर तिचे कित्येक महिने बंदिवासांत गेले नसते.

पित्याचें दुःख आम्ही हलकें लेखीत नाहीं. परंतु प्रौढ अपत्यावर प्रेमाचा अधिकार समजावण्याचा असतो, कोंडण्याचा नव्हे. कोणी म्हणतील, फसवणूक होते त्याचें काय? फसवणुकीस शिक्षा अवश्य व्हावी. दुसऱ्या बायकोसाठीं इस्लामचा आडोसा घेणाऱ्या हिंदु पतीचा पहिला विवाह तुटत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालींच ठरविलें आहे. तेथें न्याय झाला तो कृतीचा. अंतःकरणाची झडती घेण्याचें कारण पडलें नाहीं. उलट उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यानें धर्मांतरापूर्वीं साठ दिवस जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचें बंधन घातलें. ईश्वराकडे जाण्याचा रस्ता कचेरींतून काढणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

मनुष्याचें मन अठराव्या वर्षीं वाढावयाचें थांबत नाहीं. खरा विचार पुष्कळदां त्यानंतरच सुरू होतो. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां महाराष्ट्रानें त्यांस थोडे बोल लाविले नाहींत. तरी अनाथ व विधवा स्त्रियांसाठीं त्यांनीं पुढें केलेलें कार्य आज कोण नाकारील?

इस्लाममध्यें जाणाऱ्याचें स्वागत करणारांनींही एक गोष्ट ध्यानांत धरावी. उद्यां त्याच मनुष्याचा विचार पालटला, तर परतीची वाटही तितकीच मोकळी हवी. एका दिशेनेंच उघडणाऱ्या दारास आम्ही स्वातंत्र्य म्हणत नाहीं.