बाईच्या बेकारीची नोंद व्हावी : अर्थ व सांख्यिकी संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, अर्थ व सांख्यिकी संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

राष्ट्रीय नमुना पाहणीतील राज्याचा नमुना संचालनालयाकडे असल्याने हे पत्र आपणांस लिहिण्यात येत आहे. ज्याला काम नाही, पण जो ते शोधतो किंवा मिळाल्यास करण्यास तयार असतो, तोच या पाहण्यांत बेरोजगार ठरतो. केवळ घरकाम करणारी बाई श्रमबलाच्या, म्हणजे काम करणारे व काम शोधणारे यांच्या एकत्रित संख्येच्या, बाहेर धरली जाते. नरसी नामदेवच्या परिसरातील सोयाबीन-कापसाच्या शेतात तणनाशक फवारले, की बायकांच्या हातची खुरपणी जाते. मजुरी गेलेली बाई चूल, गोठा आणि पाणी यांत दिवसभर गुंतलेली राहते, त्यामुळे तिची बेकारी ना घराला दिसते ना प्रगणकाला.

गिरणी बंद पडलेल्या मारिएनथाल या ऑस्ट्रियन गावावर मारी याहोडा व सहकाऱ्यांनी 1933 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काम गेलेल्या पुरुषांची चालही मंदावलेली आढळली, बायकांचे घरकाम मात्र तसेच चालू होते. समाजशास्त्रज्ञ आलिया हमीद राव यांनी 2020 सालच्या ‘क्रंच टाइम’ या ग्रंथात अमेरिकेतील सुशिक्षित नोकरदार कुटुंबांबद्दल दाखवले, की नवऱ्याची नोकरी गेली तर सारे घर त्याच्या शोधाभोवती उभे राहते, बायकोची गेली तर तशी निकड कोणालाच वाटत नाही. त्या घरांशी शेतमजुराच्या घराची बरोबरी होऊ शकत नाही, कारण येथे एका हंगामाची मजुरी बुडाली तरी उधारी वाढते; तरीही बाईच्या कमाईला दुय्यम मानण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. मराठवाड्यातील ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल त्या जोडीच्या नावे दिली जाते आणि बाईची मजुरी वेगळी उरतच नाही.

2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर पुरुष 97. नामदेवांच्या घरचे दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंचे कष्ट वारकरी परंपरेने आठवणीत जपले; शासनाच्या पाहणीनेही तेवढे तरी करावे.

म्हणून विनंती अशी, की ‘घरकाम’ अशी नोंद होणाऱ्या प्रत्येक बाईला मागील हंगामात मजुरी होती का, ती कशामुळे गेली आणि आज मिळाली तर ती बाई कामाला जाईल का, हे तीन प्रश्न राज्य नमुन्यात जोडावेत, आणि उत्तरे घरातील कर्त्या पुरुषाकडून न घेता तिच्याकडूनच घ्यावीत.

नरसी नामदेव, जि. हिंगोली