फुल्यांचे पैसे

"अगं, तो तुझा झाडाचा कागद आहे ना, त्याचा फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाक. सगळ्याजणींना हवाय."

गेल्या रविवारी आईचा फोन आला तो असा. मी "बघते" म्हटलं. "बघते" म्हणजे आमच्या घरी "नाही"चं सभ्य रूप, आणि हे आईला चांगलं माहीत आहे. त्यामुळे पुढची वीस मिनिटं आमची जी काय जुंपली, तिच्यावरच आजचं हे लिखाण.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी दिवसा जावा लिहिते आणि रात्री क्रॉस स्टिच करते. ऑफिसात हे सांगितलं की लोक "हो का, छान" म्हणतात आणि विषय बदलतात. :-) आईचं बघून शिकले. मॅटीचं कापड, अँकरच्या लडी, आणि आलेल्यागेलेल्याने कौतुक करावं म्हणून दारावर लावलेलं तोरण. मधे कॉलेज, नोकरी वगैरेत सगळं सुटलं. परत सुरू झालं ते बाझलला सहा महिने ऑनसाइट होते तेव्हा. बाझल स्वित्झर्लंडमध्ये, पण ट्रेननं अर्ध्या तासात फ्रान्समधलं म्युलूज येतं. आणि म्युलूज म्हणजे डीएमसीचं गाव! भरतकाम करणाऱ्याला डीएमसी माहीत नसणं म्हणजे क्रिकेटवाल्याला लॉर्ड्स माहीत नसण्यासारखं आहे. 1746 साली सुरू झालेलं हे घराणं. त्यांच्या सुती दोऱ्याची लड आठ मीटरची, सहा पदरी, आणि रंग पाचशे.

तिथल्याच एका दोरेबिंदोऱ्यांच्या दुकानातून मी हा झाडाचा कागद घेतला. डिझाइन करणारी बाई फ्रेंच. किंमत 13 युरो. घरी येऊन हिशोब केला तर तेराशे रुपयांच्या घरात. कापड नाही, दोरा नाही, सुई नाही. फक्त चौकटी आणि त्यात बारीक चिन्हं. आईला किंमत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "चौकटींची वही तीस रुपयांना मिळते."

खरं सांगू? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. इंजिनिअर असल्यामुळे पुढचा विचार ओघानंच आला: हे काय, मीच प्रोग्रॅम लिहीन की. एका शनिवारी बसले. शनिवारवाड्याचा फोटो घेतला, 120 बाय 180 चौकटींत बसवला, के-मीन्स लावून रंगांचे गट पाडले, प्रत्येक गटाला जवळचा डीएमसी नंबर दिला. दुपारच्या चहापर्यंत पॅटर्न तयार. साठ रंग! मी खूश.

मग सुई हातात घेतली आणि कळलं. 120 गुणिले 180 म्हणजे 21,600 फुल्या, एकही चौकट रिकामी नाही. भिंतीच्या सावलीत सोळा करडे रंग, ते पण असे विखुरलेले की एक फुली घाला, दोरा कापा, सुईत दुसरा ओवा, परत एक फुली. याला जगभरातले भरतकामवाले 'कॉन्फेटी' म्हणतात. लग्नात उधळायला ठीक आहे, भरायला नाही. दोन आठवड्यांत दरवाज्याचा एक कोपरा झाला, आणि तोही लांबून ओल्या भिंतीसारखा दिसत होता.

त्यानंतर मी तो फ्रेंच कागद नीट वाचला, कोड रिव्ह्यू करतो तसा. अख्ख्या झाडात रंग नऊ. अर्ध्याहून जास्त कापड कोरं सोडलेलं, कारण लिननचा मूळ रंग हेच आकाश. एका फांदीवर हिरव्याच्या जागी चक्क निळा, आणि तीन फुटांवरून पाहिलं की तीच फांदी मागे गेल्यासारखी वाटते. एक दोरा संपतो तिथून चार घरांवर तोच रंग परत लागतो, म्हणजे मागून दोरा ओढत न्यावा लागत नाही. माझ्या प्रोग्रॅमनं एकही निर्णय घेतला नव्हता, नुसती सरासरी काढली होती. या बाईनं प्रत्येक चौकटीत काहीतरी ठरवलं होतं. 'इथे काहीही नको' हेसुद्धा ठरवलंच होतं.

युरोपातल्या, म्हणजे इंग्लंड सोडून पलीकडच्या, डिझायनर मंडळींची ही खासियत मला फार आवडते. इटलीचा रेनातो पारोलिन एकदोन रंगांत अख्खं चित्र उभं करतो. डेन्मार्कमध्ये 1928 साली हॉनआर्बाइडेट्स फ्रेमे नावाची हस्तकलेची संस्था निघाली. तिच्यासाठी गेर्डा बेंग्टसननं रानफुलं अशी काढली की वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोभावीत, मागे पार्श्वभूमी नाही की कडेला महिरप नाही. हॉलंडच्या थिआ गुव्हर्नरनं शहरंच्या शहरं फुल्यांत बसवली. यातलं काहीही फोटोवरून बटण दाबून येत नाही. हल्ली तर एआयनं काढलेली चित्रं पॅटर्न म्हणून विकायला ठेवलेली दिसतात. विकणाऱ्यानं स्वतः कधी सुई हातात धरलेली नसते, हे चार ओळी भरल्या की कळतं.

हे कागद वापरणं सोपं आहे असं मात्र नाही. पहिला घोळ मापाचा. आपण आणि अमेरिकावाले कापड इंचात मोजतो: 14 काउंट म्हणजे इंचाला 14 फुल्या. फ्रेंच कागद सेंटिमीटरला किती धागे ते सांगतो. 14 काउंटची आयडा त्यांच्याकडे 5.5. लिनन 11 धाग्यांचं असेल तर ते आपलं 28 काउंट, आणि फुली दोन धाग्यांवर घालायची असल्यानं परत 14च. 2.54 नं गुणायचं, बास. पण हे माहीत नसताना मी माझ्याकडच्या मॅटीवर सुरुवात केली. तिच्यावर सेंटिमीटरला जेमतेम चार फुल्या बसतात. त्यामुळे जे 120 बाय 180 चं झाड आयडावर साधारण 22 बाय 33 सेंटिमीटर होतं, ते मॅटीवर 30 बाय 45 व्हायला निघालं, आणि कापड संपलं. उसवलं सगळं.

दुसरा घोळ दोऱ्याचा. कागदावर डीएमसीचे नंबर, आईच्या डब्यात अँकर. काळा सोपा, डीएमसी 310 म्हणजे अँकर 403. पण अँकरचे रंग डीएमसीपेक्षा कमी, त्यामुळे दोन जवळच्या हिरव्यांना तक्ता एकच नंबर देतो आणि डिझायनरनं मुद्दाम ठेवलेला फरक तिथेच मरतो. म्हणून नऊपैकी दोन रंग तरी मूळचे आणावेत. भाषा मात्र अडत नाही. 'प्वाँ द क्र्वा' म्हणजे क्रॉस स्टिच, 'ब्रँ' म्हणजे पदर, 'लँ' म्हणजे लिनन. दहा शब्द आले की झालं. बाकी चौकटींची भाषा सगळीकडे एकच.

आता मूळ भांडण.

आईचं म्हणणं: "कागद तू विकत घेतलास ना? मग तो तुझा. फोटो काढला तर त्या बाईचं काय कमी झालं?" हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. हॉस्टेलवर पायरेटेड सॉफ्टवेअर वापरताना आपण सगळ्यांनी हाच केलाय, मी तर हिरिरीनं केलाय. कायदा विचाराल तर भारतातही अशा परदेशी कामाला संरक्षण आहे, 1957 च्या आपल्याच कॉपीराइट कायद्याखाली. पण आईला कलमं सांगून उपयोग नाही. शिवाय तिच्या बाजूनं एक मुद्दा आहे जो तिला माहीत नव्हता, आणि मीच मूर्खासारखा तिला पुरवला.

म्युलूजमध्ये कापड छपाईचं संग्रहालय आहे. 1746 साली तिथे जो धंदा सुरू झाला, ज्यातून पुढे डीएमसी उभी राहिली, तो दोऱ्याचा नव्हताच. तो छापील सुती कापडाचा होता, आणि त्या कापडाचं नाव होतं 'अँदिएन', म्हणजे 'भारतीय'! आपल्या छिटांची नक्कल. फ्रान्सनं 1686 ते 1759 या छिटांवर बंदी घातली होती. पण म्युलूज तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, स्वतंत्र होतं, त्यामुळे तिथे नकलेचा धंदा बिनधास्त चालला.

"मग झालं तर," आई म्हणाली. "आपल्या लोकांना त्यांनी किती युरो दिले?"

निरुत्तर. खरंच निरुत्तर. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर ज्यांनी त्या वेली आणि ती फुलं रंगवली त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. पण फोन ठेवल्यावर मला दुसरंच आठवलं.

मी चौथीत होते. आईनं चौकटीच्या वहीवर मोरांच्या तोरणाची नक्षी स्वतः काढली होती. रोज रात्री एक ओळ, खोडरबरानं कागद मऊ पडेपर्यंत. आमच्या गावातल्या लोकरी-दोऱ्यांच्या एका दुकानदारानं 'नमुना बघायला' म्हणून वही नेली. दिवाळीत शेजारच्या गल्लीत एका दारावर तेच मोर दिसले. विचारल्यावर कळलं, दुकानात झेरॉक्स मिळते, दहा रुपयांना. आई काही बोलली नाही. पण त्यानंतर तिनं नवी नक्षी काढलेली मला आठवत नाही. तिला विचारलं तर म्हणते, "तसलं काही नाही गं, तुमच्या शाळांमधून वेळ कुठे होता." असेलही. पण मला ते मोर आठवतात आणि तिचा चेहराही आठवतो.

छिटं रंगवणाऱ्यांना पैसे मिळाले नाहीत, आईला मिळाले नाहीत. त्याची भरपाई म्हणून फ्रान्समध्ये टेबलाशी बसून नऊ रंग निवडणाऱ्या एका बाईलाही मिळू नयेत, हा हिशोब माझ्या डोक्यात बसत नाही. तिच्यामागे कंपनी नाही. एक कागद विकला तर एका कागदाचे पैसे, आणि पुढचं झाड काढायचं की दुसरीकडे नोकरी धरायची हे ती त्यावरच ठरवणार.

अर्थात किंमत जास्तच आहे, हे मी नाकारत नाही. तेराशे रुपये म्हणजे ग्रुपमधल्या काकूंची महिन्याची भाजी. मग काय करायचं? एक, सुटा कागद घेण्यापेक्षा पुस्तक घ्या, त्यात बरेच नमुने येतात आणि एकेक स्वस्त पडतो. दोन, पीडीएफ घेतली तर टपालाचा खर्च आणि कस्टम्सची कटकट वाचते. फक्त कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून ठेवा, 2020 पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. चिन्हं फॉन्टमध्ये असलेली चांगली पीडीएफ पॅटर्न कीपरसारख्या अ‍ॅपमध्ये उघडून झालेल्या फुल्यांवर खुणाही करता येतात, जे ढापलेल्या धुरकट स्कॅनवर होत नाही. तीन, फुकटच हवं असेल तर राजमार्गानं घ्या. तेरेज द दिलमाँचा भरतकामाचा ज्ञानकोश 1886 चा, बाई 1890 साली वारली, तो आता सगळ्यांचा आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतो. (ज्या बर्न करारानं लेखक-कलाकारांचे हक्क देशोदेशी मानले जायला लागले, तोही 1886 चाच. योगायोग!) चार, पाचजणींनी पाच वेगळे कागद घ्या आणि तेच कागद एकमेकींना वापरायला द्या, पुस्तकं देतो तसे.

हा चौथा तोडगा मी काल आईला सांगितला. बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "बरं. कागदच पाठव. फोटो नको. आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून पाठव. कुणी चहा सांडला तर तेराशे रुपये मी देणार नाहीये."

उद्या कुरिअर करतेय.