रुमालाखालचा भाव



२०२५ च्या जुलैमध्ये काही कामाने आमचे नव्या मुंबईत, वाशीच्या एपीएमसी मार्केटात जाणे झाले. आपल्यापैकी पुष्कळांना हे मार्केट नवे नाही. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथला घाऊक व्यापार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने इकडे हलला आणि त्याच्यामागे आपल्या सातारा-सांगली भागातली माथाडी मंडळीही आली. एक भाऊ गावाकडे ऊस लावतो आणि दुसरा वाशीला पोती वाहतो, अशी घरे आपल्या कार्यक्षेत्रात गावोगाव आहेत. त्यामुळे तिथे गेले की कोणी ना कोणी ओळखीचे भेटतेच.

या खेपेस भेटले ते आपलेच एक सभासद. त्यांचे धाकटे बंधू मसाला मार्केटात माथाडी. मुलगी दोन वर्षे चुलत्यांकडे राहून बारावी आणि सीईटी झालेली. चहाच्या टपरीवर चौघेही बसलो. सभासदांचा चेहरा उतरलेला दिसला, म्हणून विचारले, "काय आबा, पाऊस नाही का गावाकडं?"

"पाऊस आहे हो. पोरीच्या प्रवेशाचं बघायला आलोय. चौऱ्याण्णव पर्सेंटाइल पडलेत. पण चाळीस हजार भरल्याशिवाय काय जमायचं नाही म्हणतात."

म्हणणारा होता शहरातला एक प्रवेश-सल्लागार. त्याचे सांगणे असे, की सरकारी कॉलेजचे नाव काढू नका, तिथे तुमचा नंबर लागत नाही. पसंतीचा फॉर्म आम्ही भरतो. पहिल्या नंबरला आम्ही सांगतो ते कॉलेज टाका, म्हणजे जागा पक्की. नाहीतर मॅनेजमेंट कोट्यातून आजच बुक करा, उद्या भाव वाढेल.

मुलगी खाली मान घालून ऐकत होती. तिला विद्युत शाखा पाहिजे होती. कारण विचारले तर म्हणाली, "आमच्या विहिरीवरची मोटर वर्षातनं दोनदा जळते, काका. लाईट रात्रीची येते. तेच शिकायचंय." यापेक्षा चांगले कारण आम्ही आजवर ऐकलेले नाही.

तिचे चुलते तोवर गप्प होते. ते एवढेच बोलले, "दादा, हा भाव रुमालाखालचा आहे. उघड्यावर बोलत नाही तो भाव घेऊ नये."

ज्यांनी वाशीचा फळबाजार पाहिला आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. हापूसच्या मोसमात दोघांनी हातावर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवायचा, ही तिथली जुनी रीत. आंबा ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा असला तरी आपल्या पेटीला काय भाव लागला हे त्याला कळत नाही. कॉलेजच्या प्रवेशाचेही एके काळी असेच होते. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. प्रवरा, वारणा अशा सहकाराच्या परिसरांतही कॉलेजे उभी राहिली, आणि शेतकऱ्याची पोरे इंजिनियर होऊ लागली. हे त्याचे मोठे पुण्य. पण त्याच्या जोडीला देणगीचा व्यवहारही आला. त्याला आळा घालायला १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पुढे सीईटी आली, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया आली आणि रुमाल बाजूला झाला. आज प्रत्येक फेरीनंतर कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, कोणत्या प्रवर्गाची शेवटची जागा किती पर्सेंटाइलला गेली, हे राज्याचा सीईटी कक्ष जाहीर करतो. कोणालाही फुकट बघता येते.

मग प्रश्न असा, की भाव फळ्यावर लिहिलेला असताना आपला सभासद तो रुमालाखाली चाळीस हजारांना का विकत घेतो? आमच्या मते कारण एकच. तो भाव कसा वाचायचा हे त्याला कोणी सांगितलेले नाही. उसाचे वजन, उतारा, तोडणी-वाहतूक यांचा हिशेब जो तोंडावर करतो, त्याला हा हिशेब अवघड नाही. त्या दिवशी टपरीवर मुलीच्या वहीत जो मांडला तोच इथे देतो.

पहिली गोष्ट पर्सेंटाइलची. पुष्कळ पालक पर्सेंटाइल म्हणजे टक्के समजतात. तसे नाही. चौऱ्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातली चौऱ्याण्णव मुले तिच्या बरोबरीला किंवा मागे, आणि सहा पुढे. आता समजा, तीन लाख मुले बसली, तर तिच्या पुढे अठरा हजारांच्या आसपास. चार लाख बसली, तर चोवीस हजार. पर्सेंटाइल तेच, पण पुढची रांग सहा हजारांनी वाढली. म्हणून नुसते पर्सेंटाइल बघून हरखून जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये. राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक बघावा. खरे वजन काट्यावरचे, गाडीवान सांगतो ते नव्हे.

दुसरी गोष्ट कट-ऑफची. चुलत्यांनी ती आमच्यापेक्षा चांगली सांगितली. ते म्हणाले, "कट-ऑफ म्हणजे बाजार उठताना शेवटचं पोतं ज्या भावानं गेलं तो भाव. तो कालचा. आज गिऱ्हाईक वाढलं तर चढंल, माल वाढला तर उतरंल. एस-३० साखरेचा कालचा भाव आज धरून बसलं तर चालतंय का?" अगदी बरोबर. जागा हा माल आणि मुले हे गिऱ्हाईक. एखाद्या शाखेची हवा झाली की तिचा कट-ऑफ चढतो. त्या शाखेच्या जागा कॉलेजांनी वाढवल्या की उतरतो. म्हणून एका वर्षाचा आकडा धरू नये, तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. आपण नाही का, एका हंगामाच्या उताऱ्यावरून उसाची जात ठरवत नाही? शिवाय पहिल्या फेरीचा भाव वेगळा आणि शेवटच्या फेरीचा वेगळा. मागच्या फेऱ्यांत जागा सुटतात, मुले दुसरीकडे जातात. दोन्ही आकडे बघावेत.

तिसरी गोष्ट रकान्याची. कट-ऑफच्या तक्त्यात इंग्रजी अक्षरांचे जोडगोळे असतात, ते बघूनच आपला माणूस कागद मिटतो. त्यात गूढ काही नाही. पहिले अक्षर जागा सर्वांसाठी की फक्त मुलींसाठी ते सांगते. मधली अक्षरे प्रवर्ग सांगतात. शेवटचे अक्षर जागा आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांची, बाहेरच्यांची, की राज्यपातळीची ते सांगते. शेजारच्याच्या पोराचा आकडा आपल्या पोरीला लावला तर चूक होते, कारण त्याचा रकाना वेगळा असतो. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात, हे तर पुष्कळ घरांत अजून माहीत नाही. सल्लागाराने आबांना जो आकडा दाखवला होता, तो सर्वसाधारण रकान्यातला होता आणि तोही संगणक शाखेचा. मुलीने आपला रकाना आणि आपली शाखा बोटाने शोधली तेव्हा चित्र बदलले. पुण्याचे लांबच होते. सांगली जवळ आली होती. कऱ्हाड हाताच्या अंतरावर दिसत होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि इथेच लोक फसतात. पसंतीचा क्रम. आपल्या लोकांना वाटते, वर मोठे नाव टाकले तर ते मिळत नाहीच आणि खालचे हातचेही जाते. तसे होत नाही. संगणक गुणवत्ता क्रमांकाने मुलाची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा लागू होते तिथे थांबतो. वरचे मिळाले नाही तर खालच्याला धक्का लागत नाही. उलट धोका दुसऱ्या बाजूला आहे. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात नियमच असा होता, की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती कायम, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना हाच नियम. आता ध्यानात घ्या, की जे कॉलेज सहज मिळणार तेच पहिल्या नंबरला टाकले, तर मुलगी पहिल्याच फेरीत त्याला बांधली गेली. सल्लागार "जागा पक्की" म्हणत होता ते खोटे नव्हते. जागा पक्की होतीच, पण कोणासाठी पक्की, हे त्याने सांगितले नव्हते.

म्हणून यादी अशी करावी. वर मनापासून हवी असलेली, आकड्याने थोडी लांबची कॉलेजे. मध्ये आपल्या क्रमांकाच्या आसपासची, आणि ही जास्तीत जास्त. खाली सहज मिळतील अशी, पण मिळाली तर पोरगी खरोखर जाईल अशीच. जिथे पाठवायचे नाही ते नाव यादीत टाकूच नये. आणि नियम दर वर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय फॉर्मला हात लावू नये.

पाचवी गोष्ट कागदपत्रांची आणि पैशाची. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला ही कामे निकालानंतर करायची नसतात, अकरावीतच करायची असतात. वैधता नसली की मुलगी खुल्या वर्गात जाते आणि केलेला सगळा हिशेब कोसळतो. तसेच, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणारीला आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ती गेली. म्हणजे आबा चाळीस हजार देऊन चार वर्षांची फीमाफी घालवणार होते! हे ऐकल्यावर आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आडसालीचं बिल आलंय तेवढं सगळं त्यातच गेलं असतं की हो."

सगळेच सल्लागार लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. अडलेल्याला फॉर्म भरून देणारे सरळ लोकही आहेत. आणि हिशेब केला म्हणून जागा निर्माण होते असेही नाही. हजारो मुलांना हवे ते मिळत नाही, मिळणारही नाही. पण न मिळणे वेगळे आणि मिळत असताना अज्ञानाने सोडून देणे वेगळे. पहिल्याला इलाज नाही. दुसऱ्याला आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

म्हणून संचालक मंडळाला आमची जाहीर सूचना आहे. उसाच्या नोंदीसाठी आपण गटवार शेतकी कार्यालये चालवतो. लावणीची तारीख चुकली तर तोड चुकते म्हणून तिथे गर्दी होते. सीईटीच्या निकालापासून दुसऱ्या फेरीपर्यंतच्या दिवसांत याच कार्यालयांत एक टेबल, एक संगणक आणि गणित जाणणारा एक निवृत्त शिक्षक बसवावा. तीन वर्षांचे कट-ऑफ छापून भिंतीवर लावावेत. ज्या घरची मुले आधीच्या वर्षी यातून गेली, त्यांनी दोन दिवस येऊन नव्यांना मदत करावी. खर्च म्हणाल तर चहापाण्याचा. सहकार म्हणजे तरी दुसरे काय? एकट्याला काट्यावर फसवता येते म्हणूनच आपण सगळ्यांनी मिळून स्वतःचा काटा उभा केला. हाही एक काटाच आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचाराल. तिने यादी स्वतः केली. पहिली पसंती पुण्याच्या सीओईपीला विद्युत, दुसरी सांगलीच्या वालचंदला विद्युत, तिसरी कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत, आणि त्याखाली आणखी बरीच. पहिल्या फेरीत सातव्या पसंतीची जागा आली. घरी सगळे घाबरले. घ्यावे आणि मोकळे व्हावे, असे आबांचे मन झाले. मुलीने नेटाने दुसऱ्या फेरीची वाट बघितली. दुसऱ्या फेरीत कऱ्हाड मिळाले. पुणे मिळाले नाही, सांगलीही नाही. त्याचे तिला थोडे वाईट वाटले, आणि ते वाटायला हवेच. पण जे मिळाले ते तिच्या मार्कांचे होते, उघड्या भावाने मिळालेले होते, आणि त्यासाठी घरातून रुपयाही सल्ल्यापोटी गेला नाही.

चुलत्यांचा परवा फोन होता. म्हणाले, "दादा, पोरगी सुट्टीला गावी आली तर पहिलं मोटरचं स्टार्टर उघडून बसली. आबा म्हणतात, हात लावू नको. ती ऐकतीय होय!"

असो. ज्यांच्या घरी यंदा सीईटीचे पोर आहे, त्यांनी हा अंक जपून ठेवावा, आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांनी शेजारच्या घरी द्यावा.