विश्लेषण : दुचाकीला पाच वर्षांचा विमा, तरी चोरीची भरपाई का मिळत नाही?

रात्री घरासमोर लावलेली दुचाकी सकाळी जागेवर नाही, ही चार ओळींची बातमी सोलापूरकरांना नवी नाही. पोलिसांनी टोळी पकडून जप्त दुचाकींची रांग लावल्याचे छायाचित्रही अधूनमधून प्रसिद्ध होते. या दोन बातम्यांच्या मधला भाग मात्र छापून येत नाही. गाडी गेलेला माणूस विम्याचा कागद घेऊन एजंटाकडे जातो, कागदावर मुदत अजून दोन वर्षे शिल्लक असते आणि एजंट सांगतो, ‘या विम्यात चोरी येत नाही.’ गाडीच्या कर्जाचे हप्ते तोवर चालूच असतात. यंत्रमागावर किंवा बाजार समितीत हमालीवर राबणाऱ्या घरात ती एकच गाडी असेल, तर कामावर जाण्याचे साधनही गेलेले असते. असे का होते आणि ते कसे टाळता येईल?

पाच वर्षांच्या विम्यात चोरी का नाही?

वाहन विम्याचे दोन भाग असतात. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, त्याचा मृत्यू झाला किंवा त्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर त्याची भरपाई ‘थर्ड पार्टी’ विम्यातून होते. मोटार वाहन कायद्यानुसार हाच भाग सक्तीचा आहे. तुमच्या स्वतःच्या गाडीचे अपघात, आग, पूर किंवा चोरीमुळे झालेले नुकसान भरून देतो तो ‘ओन डॅमेज’ विमा, आणि तो ऐच्छिक आहे.

पूर्वी दुचाकीचा विमा वर्षाचा असे. पहिल्या वर्षानंतर अनेक जण नूतनीकरण करतच नसत, त्यामुळे अपघातग्रस्तांना भरपाई मिळण्यात अडचण येई. रस्ते सुरक्षेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशानंतर १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा आणि नव्या मोटारीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणे बंधनकारक झाले. सुरुवातीला ओन डॅमेजही तितक्याच मुदतीचा घेता येत असे. विमा नियामक ‘इर्डाई’ने ती एकत्रित दीर्घ मुदतीची पॉलिसी १ ऑगस्ट २०२०पासून बंद केली. तेव्हापासून शोरूममधून निघणाऱ्या नव्या दुचाकीला साधारणपणे पाच वर्षांचा थर्ड पार्टी आणि एकाच वर्षाचा ओन डॅमेज विमा मिळतो.

गोंधळ इथेच होतो. पहिल्या वाढदिवसाला गाडीचा चोरीपासूनचा विमा संपतो, पण कागद ‘जिवंत’ राहतो. वाहतूक पोलिसांनी अडवले तरी अडचण येत नाही, कारण ते सक्तीचा थर्ड पार्टी विमा पाहतात. तो नसेल तर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड होतो. ‘एमपरिवहन’ ॲपमध्येही विम्याची पुढची तारीख दिसते. त्यामुळे आपल्याकडे विमा आहे, असे मालकाने समजणे स्वाभाविक आहे. पाच वर्षे पूर्ण झालेल्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे मालक बहुतेक वेळा जाणूनबुजून, दंड टाळण्यापुरता स्वस्तातला थर्ड पार्टी विमा काढतो. १ जून २०२२पासूनच्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला त्याचा वर्षाचा हप्ता ७१४ रुपये आहे.

मोबाइलमधली पॉलिसी उघडून पहिल्या पानावर दोन वेगळ्या मुदती शोधा. ‘ओन डॅमेज’पुढची तारीख उलटून गेली असेल, तर आज गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी एक रुपयाही देणे लागत नाही.

मग फक्त चोरीच्या भागाचा विमा घेता येतो का?

थर्ड पार्टीची मुदत चालू असताना फक्त ओन डॅमेजची वर्षभराची स्वतंत्र पॉलिसी घेता येते. ती त्याच कंपनीची असावी, असे बंधन नाही. मधे खंड पडला असेल तर कंपनी गाडीची पाहणी किंवा फोटो मागते. साध्या १००-१२५ सीसी गाडीला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. कंपनी आणि सवलतीप्रमाणे तो बदलतो.

भरपाई मिळते ती पॉलिसीवर लिहिलेल्या ‘आयडीव्ही’इतकी, म्हणजे गाडीच्या घोषित किमतीइतकी. ही किंमत दरवर्षी घसरते. गाडी एक ते दोन वर्षांची असताना मूळ किमतीतून २० टक्के, दोन ते तीन वर्षांत ३०, तीन ते चार वर्षांत ४० आणि चार ते पाच वर्षांत ५० टक्के वजा होतात. एक लाखाला घेतलेल्या साडेतीन वर्षांच्या गाडीची आयडीव्ही त्यामुळे ६० हजारांच्या घरात असते. हप्ता थोडा कमी दिसावा म्हणून काही जण ही किंमत खाली आणून घेतात. वाचतात शंभर-दीडशे रुपये, आणि नुकसान कळते ते गाडी गेल्यावर.

सोलापुरातून गेलेली गाडी जाते कुठे?

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढा हे तालुके कर्नाटकाला लागून आहेत. विजयपूर शंभरेक किलोमीटरवर, कलबुर्गीही त्याच अंतराच्या जवळपास. दुसऱ्या बाजूला धाराशिव आहे. शहरात पोलीस आयुक्तालय, जिल्ह्यात ग्रामीण पोलीस आणि सीमेपलीकडे वेगळ्या राज्याचे पोलीस अशा तीन हद्दी गाडी दोन-अडीच तासांत ओलांडू शकते. एमएच १३ पाटीची गाडी पलीकडच्या गावात दिसली तर कोणाला नवल वाटत नाही, कारण नातीगोती, बाजार आणि देवस्थाने दोन्हीकडची एकच आहेत.

जुन्या, साध्या, १०० सीसीच्या गाड्यांकडे चोरांचे लक्ष का असते, याचे उत्तरही इथेच आहे. अशी गाडी गर्दीत उठून दिसत नाही, सुटे भाग कुठेही खपतात आणि शेतात, वस्तीवर वापरायला कागद कोणी विचारत नाही. ‘कागदपत्रे नंतर देतो’ म्हणत दहा-पंधरा हजारांत गाडी विकली जाते. त्यामुळे ‘माझी गाडी जुनी आहे, ती कोण नेणार’ हा दिलासा खोटा आहे.

गाड्या जातात त्या जागाही ओळखीच्याच. मालक दीर्घकाळ परतणार नाही याची चोराला खात्री असते, अशा ठिकाणी धोका जास्त. सिव्हिल हॉस्पिटल, एसटी स्थानक, रेल्वे स्थानक, कांद्याच्या लिलावाच्या वेळी मार्केट यार्ड, मंगल कार्यालये, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाचा परिसर, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर. रुग्णाला घेऊन धावत आलेला माणूस गाडी नीट लावण्याच्या मनःस्थितीत नसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण सोबत दुसरा कोणी असेल तर त्याने परत बाहेर येऊन कुलूप लावावे.

हँडल लॉक पुरेसे का नाही?

हँडल लॉक म्हणजे हँडल वळू नये म्हणून चौकटीत सरकणारी एक छोटी खुंटी. ते नेहमी लावावेच, पण त्याच्यावर विसंबू नये. ते तोडायला फार वेळ लागत नाही आणि तुटले तरी फारसा आवाज होत नाही. वर्षानुवर्षे वापरलेल्या गाडीत इग्निशनचे कुलूप इतके झिजते की मिळतीजुळती दुसरी किल्ली फिरते. आपली किल्ली चालू गाडीतून सहज बाहेर निघत असेल, तर पूर्ण लॉक सेट बदलण्याची वेळ झाली आहे, असे समजावे.

दुसरे कुलूप निवडताना आपली गाडी पाहावी. डिस्क लॉक छोटे आणि सोयीचे असते, पण कमी किमतीच्या बहुतेक गाड्यांना पुढे डिस्क नसून ड्रम ब्रेक असतो. तिथे ते बसतच नाही. अशा गाडीला जाड साखळी आणि कुलूप बरे. साखळी नुसती चाकातून ओवली तर दोघे जण गाडी उचलून टेम्पोत घालू शकतात. ती चाक आणि चौकट यांतून घेऊन खांब, जिना, लोखंडी गज अशा पक्क्या वस्तूला अडकवावी. जमिनीवर लोंबणारी साखळी तोडायला सोपी जाते, म्हणून ती ताणलेली ठेवावी. पूर्व भागातल्या किंवा विडी घरकुलमधल्या अरुंद बोळांत गाड्या रात्री बाहेरच राहतात. तिथे शेजारच्या दोन-तीन गाड्या एकाच साखळीत ओवल्या तरी काम अवघड होते. डिस्क लॉक वापरणाऱ्यांनी हँडलला लाल दोरी बांधून ठेवावी. कुलूप विसरून गाडी पुढे दामटली की पडणे ठरलेलेच.

मेकॅनिककडून बसवलेला छुपा स्विच स्वस्त असतो आणि चोराचा वेळ खातो. मात्र गाडी ढकलत नेणाऱ्याला तो थांबवत नाही. वॉरंटी चालू असेल तर वायरिंगला हात लावण्यापूर्वी शोरूममध्ये विचारावे.

जीपीएस यंत्र चोरी रोखत नाही. गाडी कुठे आहे ते सांगते, तेही त्याच्या सिमचे रिचार्ज चालू असेल तर. बॅगेला लावायचे ब्लूटूथ टॅग हल्ली गाडीत दडवले जातात. ते आजूबाजूच्या इतर मोबाइलच्या आधारे ठिकाण कळवतात, त्यामुळे नवी पेठेत उपयोगी पडतील, उसाच्या फडात नाही. ठिकाण दिसले तरी मित्रांना घेऊन स्वतः तिकडे जाऊ नये. स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांना द्यावा.

उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, १ एप्रिल २०१९पासूनच्या नव्या वाहनांना मुळातच असते. त्याआधीच्या वाहनांना महाराष्ट्राने ती सक्तीची केली आणि २०२५मध्ये मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. दुचाकीसाठी ४५० रुपये आणि जीएसटी असा तिचा दर. तिच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि एकदा काढली की तिचे कुलूप पुन्हा बसत नाही. बनावट पाटी लावून फिरणे त्यामुळे अवघड होते. पण पाटीच काढून वस्तीवर वापरल्या जाणाऱ्या गाडीचे ती काय करणार?

गाडी गेल्यावर आधी काय करावे?

आधी ती वाहतूक शाखेने उचलून नेली नाही ना, कर्जाचे हप्ते थकले असतील तर वित्त कंपनीने नेली नाही ना, हे विचारावे. मग ११२ क्रमांकावर फोन आणि त्याच दिवशी एफआयआर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली हा गुन्हा नोंदवला जातो. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पुन्हा दोषी ठरल्यास किमान एक आणि कमाल पाच वर्षे. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी खबर नोंदवता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते.

काही जण ‘दोन दिवस शोधून पाहू’ म्हणून थांबतात. ते महागात पडते. चोरलेली दुचाकी सोनसाखळी हिसकावण्यासारख्या गुन्ह्यात वापरली गेली, तर क्रमांकावरून पहिली विचारणा मालकाकडेच होते. एफआयआरची वेळ हाच त्याचा बचाव. नुसत्या तक्रार अर्जाची पोच म्हणजे एफआयआर नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

ओन डॅमेज विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवावे. उशीर झाला म्हणून मात्र हातपाय गाळू नयेत. एफआयआर तातडीने नोंदवला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले या कारणाने दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात दिला आहे.

दावा अडतो तो बहुतेक किल्लीवर

कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एकच दिली तर दुसरी गाडीतच राहिली होती, असा संशय घेतला जातो. म्हणून एक किल्ली हरवली असेल तर ती हरवल्याची नोंद आजच पोलिसांकडे करून ठेवावी; चोरी झाल्यानंतर केलेल्या नोंदीला तेवढे वजन राहत नाही. किल्ली खरोखर गाडीला राहिली असली तरी सगळे संपत नाही. ट्रकची किल्ली गाडीतच राहिलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये विम्याच्या ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम केला.

दुसरा अडथळा ‘अ समरी’चा. गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा अहवाल पोलीस न्यायालयाला देतात, त्याला महाराष्ट्रात ‘अ समरी’ म्हणतात. तो मिळेपर्यंत कंपन्या सहसा पैसे देत नाहीत. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचे बंधन नव्या संहितेत पोलिसांवर आहे. तेवढे झाले की लेखी पाठपुरावा सुरू करावा. गाडी कंपनीच्या नावे करण्याचे आरटीओचे नमुने २८, २९ आणि ३० सह्या करून द्यावे लागतात. कर्ज असेल तर भरपाई आधी वित्त कंपनीला जाते, उरलेली मालकाला. दावा फेटाळला किंवा महिनाभर उत्तरच नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहेच.

आणि गाडी सापडली तर?

सापडलेली गाडी मुद्देमाल असते. पोलीस ती परस्पर देत नाहीत, ताब्यासाठी न्यायालयात अर्ज करून बंधपत्र द्यावे लागते. ठाण्याच्या आवारात गाड्या गंजत ठेवू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२मध्येच सांगितले होते. आता कायद्यातच मुदत आहे. न्यायालयापुढे मालमत्ता आल्यावर १४ दिवसांत तिचे वर्णन, फोटो किंवा चित्रीकरण आणि त्यानंतर ३० दिवसांत ताब्याचा किंवा विल्हेवाटीचा आदेश. ठाण्यांच्या आवारातल्या धुळीने भरलेल्या गाड्या पाहता हे वेळापत्रक अजून कागदाबाहेर आलेले दिसत नाही. अर्ज मालकालाच करावा लागतो, नुसती वाट पाहून गाडी घरी येत नाही. विमा कंपनीने आधीच पैसे दिले असतील तर सापडलेली गाडी कंपनीची होते.

जुनी गाडी घेताना विक्रेत्याच्या तोंडी खात्रीवर जाऊ नये. नोंदणी प्रमाणपत्रावरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. चेसिस क्रमांक घासलेला किंवा नव्याने ठोकलेला वाटला तर सौदा तिथेच सोडावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेत ती गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, ते तपासता येते. चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, गाडी घेणाऱ्याला कलम ३१७(२) खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पंधरा हजारांत, कागदांशिवाय मिळणारी चालू गाडी हे ‘कारण’ म्हणून न्यायालयासमोर मांडले जाऊ शकते.